एकसष्ट पूर्णांक सात

लातूरला नोकरी लागली तेव्हा मी बावीस वर्षांची होते, आणि माझ्याइतकं शहाणं त्या अख्ख्या कचेरीत दुसरं कुणी नाही अशी माझी ठाम समजूत होती. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. पण तेव्हा तसं होतं खरं.

माझं माहेर मुदखेडचं. वडील रेल्वेत. नांदेडला एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरचा वर्षभराचा कोर्स मी केला होता. चार मशिनी, तीस पोरं, त्यात आम्ही तिघीच मुली. त्या एवढ्याशा भांडवलावर मला नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत हंगामी नोकरी मिळाली. नवा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती, पण अजून सगळा संसार मांडायचाच होता. कचेरी भाड्याच्या घरात. कागदांवर जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेलं, ते आम्ही पेनानं खोडायचो आणि वर लातूर लिहायचो. बसायला खुर्च्या पुरत नव्हत्या, आणि कॉम्प्युटर मात्र आला होता.

त्या कॉम्प्युटरचा थाट काय सांगू! त्याला वेगळी खोली, खोलीला पडदे, आणि खिडकीत गारवा करणारं यंत्र. आत यायचं तर चपला बाहेर काढायच्या. मोठे साहेबसुद्धा मोजे घालून आत यायचे. बाहेर दुष्काळ. सलग दुसरं वर्ष पाऊस दगा देऊन गेलेला, गल्लीतले आड कोरडे ठणठणीत, आणि आत ही मशीन गारेगार बसलेली. त्या गारव्याच्या यंत्रातून बाहेर थेंब थेंब पाणी गळायचं, त्याच्याखाली शिपायानं बादली लावली होती. दिवसाला पाऊण बादली भरायची. ती घरी कोण नेणार यावरून दोन शिपायांची रोज जुंपायची.

मी राहायचे ती जागा कचेरीपासून पाऊण कोसावर. पत्र्याच्या चार खोल्या, मध्ये मोकळी जागा. माझ्या शेजारच्या खोलीत अक्का राहायची. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. लग्न केलं नव्हतं. वडील गेल्यावर आई आणि दोन भाऊ तिनंच ओढत आणले होते. एका खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यात ती मलमपट्टी करायची, सुया उकळायची, आणि बायकांना धीर द्यायची. नर्स व्हायचं हे तिचं एकच वेड होतं. पुस्तकं मागून आणून वाचायची. भाकरी थापता थापता मला हाडांची नावं म्हणून दाखवायची, आणि एखादं चुकलं की स्वतःवरच चिडायची.

"पोरी, डॉक्टर सांगतो तसं सगळं मी करते," ती म्हणायची. "पण मला कुणी सिस्टर म्हणत न्हाई. ए बाई म्हणत्यात."

टँकर यायचा एक दिवसाआड, सकाळी. त्या आधीच बायका बिंदग्यांची, म्हणजे पाण्याच्या लहान घागरींची, रांग लावून ठेवायच्या. स्वतः उभं राहायची गरज नव्हती, बिंदगी उभी असली की झालं. या रांगेचा कारभार अक्काकडं होता. कुणी दिला नव्हता, तिनं घेतला होता. बायका एकमेकींच्या झिंज्या धरायला निघाल्या की ती मध्ये उभी राहायची. आणि दोन बिंदग्या एकाच वेळी येऊन टेकल्या तर नियम ठरलेला होता, बराबर आल्या की मोठीची आधी. त्यावर बोलायचं काम नाही. मला कचेरी गाठायची असायची, म्हणून माझी बिंदगी अक्काच लावायची, भरून दारात ठेवायची. दोन वर्षं त्या बाईनं मला पाणी पाजलं. हे मी मुद्दाम आधी सांगते आहे.

त्या वर्षी नव्या जिल्ह्यात नर्सिंगचं प्रशिक्षण पहिल्यांदा सुरू होणार होतं. जागा वीस, अर्ज तीनशेच्या वर. लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा आणि शाळेतल्या टक्क्यांचा काही हिस्सा, या तिन्हींची बेरीज करून यादी लावायची. वयाची अट तिशीच्या आत. अक्काला त्या हिवाळ्यात तीस पूर्ण होणार होती. म्हणजे तिच्यासाठी हीच पहिली संधी आणि हीच शेवटची.

ती यादी कॉम्प्युटरवर करायची असं साहेबांनी ठरवलं. मशिनीचं ते पहिलं मोठं काम आणि अर्थात माझंही. प्रोग्राम मी लिहिला. तीन आकडे घ्यायचे, मिळवायचे, मोठ्यापासून लहानापर्यंत लावायचे. आणि कागदावर एक अट होती, दोघींची बेरीज सारखी आली तर वयानं मोठी वर. मला हसूच आलं. रांगेतला अक्काचाच नियम, सरकारी शिक्क्यानिशी! मी तशी ओळ लिहिली. हिची बेरीज बरोबर तिची बेरीज असेल, तर वय बघ. मग तपासून पाहिलं. दोघींना पन्नास-पन्नास दिले, मशिनीनं मोठीला वर घेतलं. पुन्हा साठ-साठ दिले, पुन्हा बरोबर. झालं, मी पाठ थोपटून घेतली.

आमच्या कचेरीत एक म्हातारे कारकून होते. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मशीन येण्याआधी अशा याद्या तेच करायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं तरी त्यांनी हीही यादी हातानं केली. सवय, दुसरं काय! माझी यादी छापून निघाली, त्या दिवशी ते चपला काढून खोलीत आले. हातात त्यांचे फुलस्केप कागद. त्यांची एक पद्धत होती. दोघींचे गुण सारखे आले की ते लाल पेन्सिलीनं दोन्ही नावांना जोडणारा कंस काढायचे आणि शेजारी दोघींची वयं लिहायचे. मग वर कोण, खाली कोण, ते ठरवायचे.

"बेटी," ते म्हणाले, "माझ्या कागदावर अकरा जोड्या हायत. तुझ्या यादीत मला चार जोड्यांतच मोठी वर दिसून राहिली. बाकीच्या सात उलट्या कशा?"

मी म्हटलं, "चाचा, तुमची बेरीज चुकली असेल."

"असंल," ते शांतपणे म्हणाले. "पर ही जोडी बघ. विसावी आन् एकविसावी. दोघी एकसष्ट पूर्णांक सात. वयानं मोठी ही खालची हाय. ती वर पायजे. ह्या जोडीवर एकीचं नशीब हाय बेटी."

मी नाव वाचलं. खालची अक्का होती.

आता खरं सांगते, कारण खोटं सांगून पुष्कळ झालं. एक मन म्हणालं, बघ जरा. आणि दुसरं मन म्हणालं, खबरदार! अख्ख्या कचेरीला माहीत होतं की ही माझी शेजारीण. मी तिला एक घर वर सरकवलं असतं तर बोभाटा झाला असता, मशिनीवर बसून शेजारणीला जागा दिली म्हणून. माझी नोकरी हंगामी. आणि त्याहून वाईट गोष्ट, मला चाचांचा राग आला. पेन्सिल घेऊन बसलेला हा म्हातारा माझ्या मशिनीची चूक काढणार?

"चाचा, मशीन चुकत नसते," मी म्हटलं, आणि चांगलं मोठ्यानं म्हटलं, दारातल्या शिपायांना ऐकू जाईल असं. "तिला तुमच्यापेक्षा पुढचे आकडे दिसतात. आपल्याला सारखं वाटतं, पण आत कुठंतरी फरक असतो."

यातलं शेवटचं वाक्य खरं निघालं, हीच तर गंमत. पण तेव्हा मी ते ठोकून दिलं होतं. चाचांनी माझ्याकडं पाहिलं. "मी टिंबच ठेवत न्हाई बेटी," एवढंच म्हणाले. "टिंब काढून मगच बेरीज करतो. एकसष्ट टिंब सातच्या जागी माझे सहाशे सतरा येतात. टिंब लई दगाबाज." मग कागद घडी करून खिशात घातले आणि चपला घालून गेले. मी हसले. शिपाईपण हसले.

साहेबांनी सही केली आणि यादी फळ्यावर लागली. संध्याकाळी अक्का माझ्या दारात येऊन बसली. रडत वगैरे नव्हती. नुसती बसली होती, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत.

"एकसष्ट टिंब सात तिलाबी, एकसष्ट टिंब सात मलाबी," ती म्हणाली. "कागदावर तसंच छापलंय. मग मी खाली कशी गं? मोठी तर मी हाय."

मी म्हटलं, "अक्का, छापताना एकच आकडा छापतात. मशीन आत पुढचे दशांश धरते. त्या दशांशात तू मागं पडलीस."

"आस्सं," ती म्हणाली. "दशांशात व्हय." आणि उठून भाकरी टाकायला गेली.

तोपर्यंत मी अजाण होते असं म्हणता येईल. शहाणपणाची खुमखुमी होती, पण मनात पाप नव्हतं. पाप पुढं आहे.

आठवडा गेला. प्रशिक्षण सुरू व्हायला अजून बारा दिवस होते. साहेबांनी मला टँकरचं काम दिलं. निलंग्याकडच्या काही वाड्या इतक्या लहान होत्या की दहा वाड्यांना मिळून एक टँकर जायचा. प्रत्येक वाडीच्या नावापुढं त्या टँकरमधला तिचा वाटा, शून्य पूर्णांक एक. दहा वाटे मिळून एक टँकर होतो की नाही हे मशिनीनं तपासायचं, नाही झाला तर चूक म्हणून छापायचं. सोपं काम. मी चहा प्यायच्या आत लिहून टाकलं आणि चालवलं.

मशिनीनं छापलं, बेरीज एक. आणि त्याच्या खालच्या ओळीत छापलं, जुळत नाही.

मला वाटलं टंकताना काही चुकलं. पुन्हा चालवलं. बेरीज एक, जुळत नाही. अहो, एक म्हणजे एकच ना? मी पाचदा चालवलं, सातदा चालवलं. मग वाड्यांची नावं काढून टाकली आणि चार ओळींचा नुसता प्रोग्राम लिहिला. शून्य पूर्णांक एक दहा वेळा मिळव, आणि सांग, हे एक आहे का? मशीन म्हणाली, नाही. दाखव बरं किती आहे? मशीन म्हणाली, एक.

त्या गार खोलीत मला घाम फुटला.

नांदेडला आमच्या मास्तरांनी एकदा ओझरतं सांगितलं होतं, ते आत्ता डोक्यात चमकलं. मशीन आपल्यासारखी दहाच्या पटीत मोजत नाही, दोनच्या पटीत मोजते. अर्धा, पाव, आठवा हिस्सा तिला नेमका धरता येतो. दहावा हिस्सा काही केल्या नेमका धरता येत नाही. एकाला तीननं भागलं की आपण तीन तीन तीन लिहीत बसतो आणि कुठंतरी थांबतो, तशी ती थांबते. थांबली की कणभर इकडं नाहीतर तिकडं. असे कण बेरजेत साठतात. दोन वाटांनी एकाच बेरजेला पोचलं तर दोन्हीकडं वेगळे कण साठलेले असतात. छापताना ती ते झाकून टाकते. पण सारखे आहेत का असं विचारलं की त्या कणापायी नाही म्हणते. म्हणून दशांशाचे आकडे समोरासमोर ठेवून बरोबर आहेत का असं कधी विचारायचं नसतं. फरक नगण्य आहे का असं विचारायचं, नाहीतर टिंब काढून पूर्ण आकडे करून विचारायचं. माझ्या पन्नास-पन्नासच्या परीक्षेत टिंबच नव्हतं. ती पास होणारच होती!

मी अक्काचे तीन आकडे मशिनीत घातले. एक्केचाळीस पूर्णांक एक, अकरा पूर्णांक तीन, नऊ पूर्णांक तीन. मग त्या दुसऱ्या मुलीचे. अडतीस पूर्णांक चार, बारा पूर्णांक सहा, दहा पूर्णांक सात. कागदावर करा, दोन्हीकडं एकसष्ट पूर्णांक सात. मशिनीला विचारलं, सारखे? नाही. मग पहिल्यातून दुसरा वजा करून दाखव. काहीतरी आलं, इतकं बारीक की त्याला नाव नाही. ती दुसरी मुलगी त्या नाव नसलेल्या कणानं पुढं होती. तो कण तिनं मिळवलेला नव्हता आणि अक्कानं गमावलेला नव्हता. तो माझ्या प्रोग्रामनं तयार केला होता.

चाचांचे सहाशे सतरा आठवले. फुलस्केप कागदावर पेन्सिलीनं त्यांनी जे केलं होतं तेच करायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम होतं. मी ते तिथंच केलं. सगळे आकडे दहापट केले, टिंब घालवलं, यादी पुन्हा काढली. अकराही जोड्यांत मोठी वर. विसावी अक्का. बाकीच्या जोड्यांनी कुणाचं बिघडत नव्हतं, कारण त्या वीसच्या पुष्कळ वर तरी होत्या नाहीतर पुष्कळ खाली. फक्त एकीचं बिघडत होतं.

छापलेला कागद हातात घेऊन मी साहेबांच्या दारापर्यंत गेले. हे मी शपथेवर सांगते, गेले होते. आत कुणीतरी पाहुणे बसले होते आणि साहेब त्यांना सांगत होते, आमच्या नव्या जिल्ह्यात सगळं मशिनीवर, माणसाचा हात लागत नाही, वशिल्याचं नावच काढू नका. पाहुणे मान डोलवत होते. मी दारात पाच मिनिटं उभी राहिले. काय सांगणार होते? साहेब, हात लागला, माझाच लागला. आणि जिचं भलं होणार ती माझी शेजारीण. आणि चाचांनी आधीच सांगितलं होतं, तेव्हा मी त्यांना चारचौघांत हसले होते. मी परत फिरले. कागद फाडला आणि तुकडे गारव्याच्या यंत्राखालच्या बादलीत टाकले. शिपाई माझ्यावर ओरडला, पाणी खराब केलं म्हणून.

बारा दिवस होते. बारा दिवस मी रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. आणि रोज दारात भरलेली बिंदगी असायची. जागा गेली म्हणून अक्कानं माझं पाणी भरायचं थांबवलं नव्हतं.

एकदा तर तिनं स्वतःच विषय काढला. नववा की दहावा दिवस होता. मी केस विंचरत होते.

"का गं," ती म्हणाली, "किती दशांशानं गेलं असंल माझं? लई का थोडक्यानं?"

तोंडावर आलं होतं. देवाशप्पथ, जिभेच्या टोकावर होतं. मी म्हटलं, "थोडक्यानं, अक्का. अगदी थोडक्यानं."

"मग माझीच कसर," ती म्हणाली. "तोंडी परीक्षेला एक हाड इसरले मी. तेवढं आलं असतं तर दशांश भरून निघाला असता." आणि दवाखान्यात निघून गेली.

प्रशिक्षण सुरू झालं. हिवाळ्यात अक्काला तीस पूर्ण झाली. चाचा त्याच वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले, तेव्हा ते कानाशी म्हणाले, "टिंबावर भरोसा नको ठेवू बेटी." त्यांना कळलं होतं की नाही, देव जाणे. मी विचारायला धजले नाही. पुढच्या वर्षी मी नोकरी सोडून नांदेडला आले. लग्न झालं, मुलं झाली, एका कॉलेजात शिकवायला लागले.

दरवर्षी पहिल्याच महिन्यात मी फळ्यावर शून्य पूर्णांक एक लिहिते आणि मुलांना म्हणते, दहा वेळा मिळवा आणि मशिनीला विचारा, एक झाला का? मुलं हसतात. मला हसू येत नाही. नायगावची एक पोर एकदा म्हणाली, "मॅडम, एवढ्याशा फरकानं कुणाचं काय बिघडतंय?" मी तिच्यावर अशी खेकसले की वर्ग चिडीचूप झाला. नंतर तिला बोलावून माफी मागितली. तिला कळलंच नाही मी कशाबद्दल बोलते आहे ते. माफी जिची मागायची होती तिची मागायला मला तीस वर्षं लागली.

लातूरला पाणी रेल्वेनं आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मी गेले. निमित्त एका लग्नाचं होतं, पण लग्न आटोपून मी एस.टी. स्टँडवर न जाता रिक्षा केली आणि जुन्या गल्लीत उतरले. पत्र्याच्या खोल्या जाऊन स्लॅब पडले होते. रांग मात्र तशीच होती, फक्त बिंदग्यांच्या जागी रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या घागरी. आणि रांगेच्या तोंडाशी खुर्ची टाकून अक्का बसली होती. केस पांढरे, चष्मा जाड, आवाज तोच.

"कोन? अगं बया, तू व्हय!" तिनं मला जवळ ओढलं, तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली. शेजारच्या बायकांना ओळख करून दिली. "हीच ती मशिनीवाली. मी सांगत असते न्हव का."

मग मला कळलं ती काय सांगत असते. तिच्या भावाची नात, दहावीतली, घागर घेऊन उभी होती. अक्का तिला म्हणाली, "बघ, हिला इचार. तुझी आत्याआजी दशांशानं मागं पडली का न्हाई. म्हनून म्हन्ते, अभ्यासात दशांशाची कसर ठेवू नको. माझ्यावानी होईल."

तीस वर्षं ही बाई गल्लीतल्या पोरींना हे सांगत होती. मी फेकलेलं खोटं तिनं खरं म्हणून जपलं होतं, आणि स्वतःची चूक म्हणून पोरीपोरीला ऐकवत होती. मी तिच्या खुर्चीशी खाली बसले.

"अक्का, तू मागं नव्हतीस," मी म्हटलं. "तुम्ही दोघी बराबर होतात. मशीनला दशांश नेमके धरता येत नाहीत, आणि मी तिला विचारलं चुकीच्या पद्धतीनं. चूक माझी होती. आठ दिवसांनी मला कळलं. तुला जागा मिळू शकत होती. मी बोलले नाही."

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"बराबर व्हतो?"

"हाव."

"एक हाड इसरले तरीबी?"

"तरीही. तुझे लेखीचे तिच्यापेक्षा जास्त होते अक्का."

मी वाट बघत होते, ती रडेल, शिव्या देईल, एक ठेवून देईल. मला ते हवंच होतं. तिनं रांगेकडं मान वळवली आणि म्हणाली, "उठ. हितं सांग. मोठ्यानं सांग."

"काय सांगू?"

"मला सांगितलंस तेच. ह्या समद्यांना मी सांगत आले. आता तू सांग."

मी उठले. वीस-पंचवीस बायका, घागरींना हात लावून उभ्या. आयुष्यभर फळ्यासमोर उभं राहून बोललेली मी, मला शब्द सुचेनात. मी म्हटलं, "अक्का कमी पडली नव्हती. दोघींचे गुण सारखे होते आणि अक्का मोठी होती. जागा तिची होती. ती माझ्यामुळं गेली." एवढंच जमलं. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. एका म्हातारीनं विचारलं, "मग आता मिळंल का तिला?" कुणीतरी तिला गप्प केलं. दहावीतली ती नात घागर खाली ठेवून अक्काकडं टक लावून बघत होती.

टँकर आला. गलका झाला, घागरी सरकल्या. अक्का उठली, खुर्ची बाजूला केली. मी तिची घागर उचलायला वाकले, तर तिनं ती माझ्या हातातून घेतली. जोरानं नाही, सहज घेतली.

"नोकरीत असते तर आत्तापोतर रिटायर झाले असते मी," ती म्हणाली. मग घागर टँकरखाली लावत, माझ्याकडं न बघता, "तवाच सांगायचं व्हतंस पोरी. साहेबाच्या दारात जाऊन मी भांडले असते. मला भांडता येत व्हतं."